कौटुंबिक धर्मादाय न्यास: नवे विश्वस्त, नात्यातला अर्ज आणि ८५ टक्क्यांचा हिशेब

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातला, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला कौटुंबिक न्यास आहे. विश्वस्त पाच, त्यातले चार एकाच घरातले. संस्थापकांचं निधन झालं असून त्यांच्या जागी त्यांच्या मुलीला घ्यायचं आहे. कायम निधी (मूळ रक्कम, जिचं फक्त व्याज वापरायचं) २ कोटी ४० लाख, सगळा मुदत ठेवींत. वर्षाचं व्याज साधारण १६ लाख ८० हजार. न्यास स्वतः काही चालवत नाही, शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना मदत देतो. आता एका विश्वस्ताच्या पुतण्याच्या संस्थेचाही अर्ज आला आहे. नव्या विश्वस्ताची नोंद कशी करायची, किती रक्कम वाटणं बंधनकारक आहे आणि या अर्जाचं काय करावं, हे जाणकारांनी सांगावं.

दप्तरदार

आधी विश्वस्तपत्र (न्यास स्थापनेचा मूळ दस्त) काढून वाचा. रिकामी जागा कोण भरतं, सभेची नोटीस किती दिवसांची, गणसंख्या (सभेला किमान किती जण हवेत) किती, हे तिथे लिहिलेलं असतं आणि फेरफार अर्ज (विश्वस्तांच्या नोंदीत बदल करण्याचा) बहुतेक वेळा इथेच अडतो. नोटीस सात दिवसांची हवी असताना फोनवर बोलावून ठराव केला, तर पुढे एखाद्या नाराज नातेवाइकाची एक हरकत पुरते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत परिशिष्ट ३ च्या नमुन्यात धर्मादाय कार्यालयाकडे अर्ज द्यावा लागतो. मृत्यूमुळे नाव कमी होणं हाही बदलच आहे. ते ९० दिवस निधनाच्या तारखेपासून मोजा, मुलीच्या नेमणुकीपासून नाही. मुदत टळली तर विलंबमाफीचा अर्ज सबळ कारणासह जोडावा लागतो. सोबत नोटीस, हजेरी, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह ठराव, मृत्यू दाखला, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र आणि शपथपत्र, बाकीच्या विश्वस्तांचं ना हरकत पत्र लावा. बँक सह्या बदलताना परिशिष्ट १ चा (न्यासाच्या सरकारी नोंदवहीचा) अद्ययावत उतारा मागते, म्हणून हे काम लांबलं की मदतीचे धनादेशही अडकतात.

आणखी एक. आजीव (तहहयात) विश्वस्त किती असावेत याबद्दल २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आहे. विश्वस्तपत्रात तशी स्पष्ट तरतूद नसेल तर आजीव विश्वस्तांची संख्या एकूण संख्येच्या एक चतुर्थांशाहून जास्त ठेवता येत नाही. पाच जणांत याचा अर्थ एकच. मुलीला "तहहयात" नेमण्याचा ठराव सवयीने लिहू नका, मुदत घाला.

ताळेबंद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण अर्धवट देतात, म्हणून आकड्यांत मांडतो. आयकर सवलत टिकवायची तर उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी उद्देशांवर खर्च व्हायला हवी. तुमच्या बाबतीत ती १४ लाख २८ हजार. पण १ एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेल्या देणगीचा फक्त ८५ टक्के भाग खर्च म्हणून धरतात. १४ लाख २८ हजार दिलेत तर हिशेबात धरले जातील १२ लाख १३ हजार ८००, आणि २ लाख १४ हजार २०० ची तूट दिसेल. ती भरून काढायला पूर्ण १६ लाख ८० हजार वाटावे लागतात. म्हणजे केवळ देणग्या देणाऱ्या न्यासाला १५ टक्के शिल्लक ठेवण्याची मुभा उरतच नाही.

तुटीइतकी रक्कम पाच वर्षांपर्यंत ठरावीक कामासाठी राखून ठेवण्याचा अर्ज करता येतो. पण अशी राखलेली रक्कम पुढे दुसऱ्या न्यासाला देता येत नाही, ती स्वतःच खर्च करावी लागते. म्हणून उत्पन्नाचा काही भाग गरजू विद्यार्थ्यांना थेट शिष्यवृत्ती म्हणून द्यावा, असं माझं ठाम मत आहे. ती रक्कम पूर्ण धरली जाते. मात्र विश्वस्तपत्राच्या उद्देशांत शिक्षण हवं आणि निवडीचे निकष लेखी हवेत.

मंजुरीपत्रात "कायम निधीसाठी" हे शब्द घालू नका. तशी देणगी खर्चात अजिबात धरत नाहीत. आणि मार्चमध्ये फक्त मंजूर करून भागत नाही, ३१ मार्चपर्यंत पैसे प्रत्यक्ष द्यावे लागतात. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, जुने नमुने तसेच उचलू नका.

कृष्णाकाठ

मनापासून आभार, १५ टक्क्यांचा मुद्दा आमच्या कुणाच्याच लक्षात आला नव्हता. पुतण्याच्या संस्थेचं काम खरोखर चांगलं आहे. नात्यामुळे नाकारणं अन्यायाचं होईल का?

दप्तरदार

नातं आहे एवढ्यावरून नाकारायची गरज नाही, पण पुतण्या "परका" आहे असंही धरू नका. आयकराच्या व्याख्येत भावाची आणि बहिणीची मुलंही नातेवाईकच. त्यामुळे पैसा संस्थेच्या कामावर गेला की त्या माणसाच्या हातात, हा खरा प्रश्न. तो तिथून पगार किंवा मानधन घेतो का, संस्थेचं कार्यालय त्याच्याच घरात भाड्याने आहे का, हे लेखी विचारा. विश्वस्ताला किंवा नातेवाइकाला अवाजवी लाभ पोचल्याचं ठरलं तर तेवढ्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. शिवाय पहिल्या वेळी लाभाइतका आणि पुन्हा घडल्यास दुप्पट दंड होऊ शकतो.

पद्धत अशी ठेवा. सर्व अर्ज एकाच तारखेपर्यंत, एकाच नमुन्यात मागवा: नोंदणी प्रमाणपत्र, आयकर नोंदणी आणि तिची मुदत, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, कामाचं अंदाजपत्रक. पुतण्याचा अर्ज यांच्याच रांगेत. चर्चेला येण्याआधी संबंधित विश्वस्ताने नातं जाहीर करावं, त्या विषयापुरतं सभेबाहेर जावं, मत देऊ नये, आणि हे सगळं इतिवृत्तात त्याच सभेत नोंदवावं. नंतर घातलेली ओळ तपासणीत लगेच ओळखू येते. तुमच्याकडे पाचात चार घरचे असल्याने उरलेले मतदारही नातेवाईकच निघतील. अशा अर्जावर न्यासाबाहेरच्या दोघांचं लेखी मत घ्या आणि जमल्यास बाहेरचा आणखी एक विश्वस्त नेमण्याचा विचार करा.

रक्कम दोन हप्त्यांत द्या. पहिल्याचं विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला), पावत्यांची यादी आणि लेखापालाची सही आल्यावरच दुसरा. दुसऱ्या हप्त्याची तारीख फेब्रुवारीपूर्वीची धरा, नाहीतर वर ताळेबंद यांनी सांगितलेला मार्चचा घोळ होतो.

सीमापार

एक भर: कन्या किंवा घरातलं कुणी परदेशी नागरिक असेल आणि न्यासाला देणगी देणार असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते) असलं तरी ती विदेशी देणगी ठरते. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी त्यात येत नाही. विदेशी देणगीसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या कोणत्याही संस्थेला देता येत नाही. फक्त देणग्या वाटणाऱ्या न्यासाला ती घेऊन उपयोग नाही. देणाऱ्याने काम करणाऱ्या, तशी नोंदणी असलेल्या संस्थेलाच थेट पाठवावी.