मदत हवी आहे: चुलीच्या धुराड्यातून काळा, चिकट रस गळतोय

नागपूर, मानेवाडा भागात घर आहे. मागच्या टिनाच्या शेडमध्ये मातीची चूल आहे. हिवाळ्यात आंघोळीचं पाणी आणि आठवड्यातून एकदा मांडे, एवढाच वापर. धूर जायला ४ इंची पत्र्याचा पाइप लावलाय. तो चुलीपासून ३ फूट आडवा जातो, मग कोपऱ्यात वळून टिनातून वर निघतो.

महिन्याभरापासून वळणाच्या जोडातून डांबरासारखा रस ठिबकतोय. भिंतीवर पिवळट-काळे ओघळ आलेत, बोटाला लागला की साबणानेही निघत नाही. इस्तो (विस्तव) पेटवताना पहिली दहा मिनिटं धूर उलटा घरात येतो.

पाइप उतरवून तारेच्या ब्रशने घासला. आतून काळी पापडी निघाली, पण पंधरा दिवसांत तेच. लाकूड बाभळीचं आहे, दिवाळीनंतर तोडलेलं, म्हणजे नीट वाळलेलं नाही. ओल्या लाकडाने असा थर साचतो आणि तो पेटूही शकतो, म्हणून जीव धास्तावलाय. आता वाळलेलं लाकूड वेगळं काढतोय. चूल पेटली की दार-खिडकी उघडीच असते.

चूल हलवता येत नाही, आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत आहे. मिस्त्री म्हणतो, ६ इंची पाइप टाका. मला वाटतं, खरा दोष त्या आडव्या तुकड्याचा आहे.

ज्यांनी स्वतः असं धुराडं बसवलंय त्यांनी सांगा: पाइप मोठा करू, की आडवा भाग काढून सरळ वर नेऊ? आणि टिनाखालच्या लाकडी बल्लीपासून तापलेला पाइप किती लांब ठेवायचा?