साध्या साच्यात बदल करताना सम निसटते, सराव कसा करावा?

प्रश्न : अडखळता_ठेका
टाळ्यांच्या सरावाला ४ मात्रांचा (समान ठोक्यांचा) साचा घेतलाय, अर्ध्या मात्रेचे ८ खण: टा – टा टा टा – टा –. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टोले देणारं यंत्र) ६०वर, म्हणजे मिनिटाला ६० मात्रा. साचा नीट बसतो, पण बदल करायला गेलं की एक तर काही सुचत नाही, नाहीतर सुचेपर्यंत सम (साच्याची पहिली मात्रा) निघून जाते. वेग वाढवू का?

उत्तर : मात्रामोजणी
वेग ६०च ठेवा. सुचत नाही, कारण सगळंच एकदम बदलायला मोकळं सोडलंय. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आधी आघात वगळा. तुमचे आघात १, ३, ४, ५, ७ या खणांवर आहेत. एकेक वगळलात की पाच नवे साचे तयार. तीन आवर्तनं (साच्याच्या पूर्ण फेऱ्या) मूळ, चौथं बदललेलं, लगेच परत मूळ. घसरलात तर तिथेच कळतं. पहिला खण वगळणं सगळ्यांत अवघड, तो शेवटी घ्या आणि पायाने मात्रा धरून ठेवा.

लय पळते ती बहुतेकदा रिकाम्या खणात. हात मोकळा राहवत नाही, पुढची टाळी लवकर पडते. २, ६, ८ हे खण तोंडाने 'अं' म्हणून भरा. अं सुद्धा टाळीइतकाच वेळेवर हवा!

नंतर वजन. टाळ्या त्याच, जोर फक्त ४थ्या खणावर. हात उंच उचललात तर ती टाळी मागे पडेल. त्यापेक्षा बाकीच्या टाळ्या हलक्या करा, वजन आपोआप उठून दिसतं.

उत्तर : आडलय
यात सरकवणं घाला. अख्खा साचा एक खण पुढे, म्हणजे आघात २, ४, ५, ६, ८ वर. चार-सहा आवर्तनांत कान २ऱ्या खणालाच सम मानायला लागतो आणि मेट्रोनोमच उलटा वाजतोय असं वाटतं. तसं झालं की थांबा. आधी फक्त 'एक-दोन-तीन-चार' मोठ्याने मोजा, मग त्यावर टाळ्या.

एका मात्रेत तीन करताना 'तकिट' म्हणा. नेहमीची चूक: त लांब, किट घाईत. तेव्हा ते तीन राहत नाहीत, अर्धा आणि दोन पाव होतात. त, कि, ट तिन्हींवर आळीपाळीने जोर द्या, खोट लगेच ऐकू येते.

उत्तर : समेवर_या
तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, ती राहिली की! 'टा – टा' हा ३ खणांचा तुकडा समेपासून सलग तीनदा: आघात १, ३, ४, ६, ७, ९ वर. ९वा खण म्हणजे पुढची सम. शेवटचा तुकडा आखूड होतो कारण सम दिसली की हात धावतो. ८वा खण रिकामाच राहिला पाहिजे.

अडखळता_ठेका
लय पळाली हे एकट्याने कसं ओळखायचं?

मात्रामोजणी
मेट्रोनोम ४ आवर्तनं चालू, पुढची ४ आवर्तनं आवाज बंद. ६०वर ती १६ सेकंदं होतात. आवाज परत आल्यावर टोला तुमच्या टाळीनंतर आला तर तुम्ही पळालात, आधीच येऊन गेला तर रेंगाळलात. जमलं की ८ आवर्तनं बंद.