मदत हवी आहे : कॉलेजच्या चित्रसंग्रहाचा इतिहास, आर्काइव्हजमध्ये काहीच हाती लागत नाहीये

रेघोटी : नमस्कार. आमच्या कॉलेजचा चित्रसंग्रह हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. चित्रं कधी आली, कशी आली, कोणी आणली, एवढंच हवंय. सूची पालथी घातली, कॉलेजच्या नावाने एकही फाइल नाही. पुढच्या आठवड्यात गाइडना पहिलं प्रकरण द्यायचंय. कुणी असं काम केलंय का? प्लीज लवकर सांगा.

कागदकिडा : कुठलं कॉलेज? कुठलं आर्काइव्हज? कोणत्या सालापासूनचा संग्रह?

निळी_शाई : टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) घे ना! होमी भाभांनी इमारतीच्या खर्चातला १ टक्का चित्रांसाठी ठेवला. हुसेनचं भलंमोठं भित्तिचित्र, आरा, गायतोंडे सगळे तिथे आहेत. संस्थेचं स्वतःचं आर्काइव्हज आहे. तिथे काम झपाट्याने होईल.

रेघोटी : विषय रजिस्टर झालाय, आता बदलता येत नाही. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, अजून कुठलं! आणि मी राज्य पुराभिलेखागाराच्या सूचीबद्दल बोलतेय.

कागदकिडा : मग आधीच सांगायचं. जे.जे. सुरू झालं १८५७ ला, सरकारकडे गेलं १८६६ ला आणि अभिमत विद्यापीठ झालं २०२३ मध्ये. मधली सगळी वर्षं ती सरकारी शाळा. त्यामुळे संस्थेच्या नावाने नाही, खात्याच्या नावाने शोध. शिक्षण खात्याचे व्हॉल्यूम, म्हणजे जुन्या कागदांचे बांधीव खंड, वर्षवार मागव. सोबत डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शनचे, म्हणजे शिक्षण खात्याच्या प्रमुखाचे, वार्षिक अहवाल चाळ, स्कूल ऑफ आर्टचा मजकूर त्यात येतो. १९६५ नंतर कला संचालनालय आलं, तिथून पुढचे कागद त्यांच्याकडे विचार.

गिरगावकर : एवढं कशाला? रावबहादूर धुरंधरांचं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' वाच. १८९० ला विद्यार्थी म्हणून आले आणि तिथेच शिकवून निवृत्त झाले. आतला माणूस जे सांगतो ते कुठल्याही फायलीत नसतं.

कागदकिडा : वाचावंच. पण निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणींवर चित्राची तारीख ठरवू नये.

गिरगावकर : आणि कारकुनाने लिहिलेली नोंद म्हणजे वेदवाक्य का? चित्र कुणी का विकत घेतलं हे व्हॉल्यूममध्ये लिहिलेलं नसतं हो.

कागदकिडा : कधी कधी असतं. मंजुरीच्या पत्रात कारण द्यावंच लागतं.

माया_कु : कॅनव्हासवर पांढरी बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, रंग सुटतो. पावसाळ्यात भिंतीपासून थोडं अंतर ठेवून टांगा.

रेघोटी : ताई, बुरशीचा प्रश्न नाहीये. @कागदकिडा, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला पण याच व्हॉल्यूममध्ये सापडतील का?

निळी_शाई : जे.जे.च्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२ ते १८८५ विद्यार्थ्यांना घेऊन केलेल्या? त्यातल्या कितीतरी लंडनला पाठवल्या आणि १८८५ च्या आगीत जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. फार वाईट वाटतं.

कागदकिडा : पत्रव्यवहार इथल्या खात्यातूनच गेला असणार, त्यामुळे बघायलाच हवं. पण प्रबंध नक्की कशावर? सगळा संग्रह की एक काळ?

रेघोटी : १९१९ नंतरचा, सॉलोमन प्रिन्सिपल असतानाचा. एका चित्राच्या मागे चौकटीला चिकटवलेली चिठ्ठी आहे. अर्धी कसरीने खाल्लीय. शाईने '४१' आणि खाली 'मेयो' एवढंच वाचता येतं.

गिरगावकर : अगं, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतंस! जे.जे.त विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मेयो पदकाचं चित्र दिसतंय, म्हणजे विद्यार्थ्याचंच. बाहेरून विकत घेतलेलं नाही.

कागदकिडा : एवढ्यावरून ठरत नाही. 'मेयो' दुसऱ्याच कशासाठी लिहिलेलं असू शकतं, '४१' हा प्रदर्शनातला नंबरही असू शकतो. कॉलेजचं डेड स्टॉक रजिस्टर मिळव. सरकारी कॉलेजात खुर्ची असो की चित्र, नोंद तिथेच होते. जुनं रजिस्टर बंद करून नव्यात नोंदी उतरवताना नंबर बदलतात, म्हणून दोन्ही बघ. ४१ समोर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पदकाचं नाव प्रबंधात घालू नकोस.

रेघोटी : रजिस्टर स्टोअरमध्ये असेल का ऑफिसमध्ये? अर्ज कुणाच्या नावाने करू?

माया_कु : अधिष्ठात्यांच्या नावाने कर. सोबत गाइडचं पत्र जोड आणि पोच घे. चिठ्ठीचा फोटो आजच काढून ठेव, हात मात्र लावू नकोस.

रेघोटी : उद्याच अर्ज देते. पत्रासाठी गाइडना आत्ताच फोन करतेय.