ए-३ चा संच ए-४ वर छापला. मिराजचे धड जुळत नाही, चूक कोठे झाली असावी?

मोरारकर, ग्वाल्हेर (८ जून, रात्री ९.४०)

नमस्कार. मी ग्वाल्हेरला मोरार भागात राहते. १९८५ साली मिराज २००० ही लढाऊ विमाने येथील महाराजपूरच्या हवाई तळावर आली, तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून त्या आवाजाची इतकी सवय झाली आहे की विमान उतरते आहे की चढते आहे, हे आमच्या घरात आकाशाकडे न पाहताही सांगता येते. त्याच विमानाची कागदी प्रतिकृती स्वतःच्या हाताने करावी अशी फार दिवसांची इच्छा होती. दरवर्षीचे गणपतीचे मखर आणि दिवाळीचा आकाशकंदील मी घरीच करत असल्यामुळे कातरकाम मला नवीन नाही. परंतु विमान करण्याची ही पहिलीच वेळ आहे.

मी घेतलेला छापील भागांचा संच १:३३ प्रमाणाचा (मूळ विमानाच्या तेहतिसाव्या हिश्श्याचा) असून त्याची पाने ए-३ आकाराची आहेत. छपाईच्या दुकानात ए-३ ची सोय नव्हती, म्हणून सर्व पाने ७१ टक्के करून ए-४ वर छापून घेतली. प्रतिकृती मजबूत व्हावी या विचाराने २२० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २२० ग्रॅम वजनाची) आयव्हरी शीट, म्हणजे जाड गुळगुळीत कागद, वापरली. आतील सांगाड्याच्या चकत्या बाइंडिंगवाल्याकडून आणलेल्या १ मिलिमीटर जाडीच्या ग्रे बोर्डाच्या कापल्या, कारण सूचनापत्रकात तीच जाडी दिलेली आहे.

आता अडचण अशी आहे की धडाचा मागचा, इंजिनाकडचा गोल भाग चकतीभोवती गुंडाळला असता त्याच्या दोन्ही कडा एकमेकींना भेटतच नाहीत आणि मध्ये साधारण सव्वा मिलिमीटरची फट राहते. चकत्या ज्या उभ्या फळीवर बसतात तिच्या खाचा अरुंद निघाल्या, त्या सुरीने रुंद कराव्या लागल्या आणि त्यात सगळा सांगाडा किंचित पिळला गेला. शिवाय जेथे जेथे पांढरा गोंद लावला तेथे आवरणाला लाटा आल्या आहेत. तीन आठवड्यांच्या संध्याकाळी या कामात गेल्या आहेत. चकत्या घासून लहान कराव्यात, की सर्व पुन्हा छापावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पुठ्ठापट्टी, इंदूर (८ जून, रात्री ११.०५)

मोरारकर ताई, चकत्यांना अजून कानस लावू नका. आपले कातरकाम चुकलेले नसावे, कारण आपण सांगितलेल्या तीनपैकी पहिल्या दोन अडचणींचे मूळ मला एकाच गोष्टीत दिसते. आपण संच लहान केला, परंतु कागद लहान केला नाही.

संच आखणारा माणूस कागदाची जाडी हिशेबात धरूनच प्रत्येक चकतीचा व्यास ठरवतो. १:३३ चे बहुतेक संच १६० जीएसएमच्या आसपासच्या कागदासाठी आखलेले असतात आणि त्या कागदाची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर असते. पाने ७१ टक्के केल्यावर लांबी, रुंदी, व्यास हे सर्व त्या प्रमाणात लहान झाले, तेव्हा कागदही ०.१४ मिलिमीटरचा हवा होता. आपण मात्र मूळच्यापेक्षाही जाड कागद घेतला. पुठ्ठ्याचे तसेच झाले. १ मिलिमीटरच्या फळीसाठी आखलेल्या खाचा छपाईत ०.७१ मिलिमीटरच्या झाल्या आणि त्यांत १ मिलिमीटरचा पुठ्ठा बसवायची वेळ आपल्यावर आली. खाचा अरुंद निघाल्या त्या यामुळे.

आपले विमान आता १:३३ चे राहिलेले नाही, ते सुमारे १:४७ चे झाले आहे. मूळ मिराज १४.३६ मीटर लांब असून तिच्या पंखांचा विस्तार ९.१३ मीटर आहे. म्हणजे पूर्ण आकारात प्रतिकृती साडेत्रेचाळीस सेंटिमीटर लांब झाली असती, आपली एकतीस सेंटिमीटरच्या आत राहील. आकार चांगला आहे, घरातल्या कपाटात मावेल असा आहे, त्यामुळे लहान केल्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

निश्चित काही सांगण्यापूर्वी तीन मापे हवी आहेत. आयव्हरी शीटचे दहा तुकडे एकमेकांवर घट्ट दाबून त्यांची एकत्रित जाडी मोजा. त्या मागच्या भागाच्या आवरणाची, जोडपट्टी (चिकटवण्यासाठी ठेवलेली कड) सोडून, वळवण्याच्या दिशेतील लांबी मोजा. तेथील चकतीचा व्यास मोजा. शक्य झाल्यास कोणाकडून तरी व्हर्निअर (सूक्ष्म माप घेण्याचे साधन) मागून घ्या. पट्टीने इतके सूक्ष्म माप नीट येत नाही.

जनकगंज, ग्वाल्हेर (९ जून, सकाळी ६.५०)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण लाटांविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. ताई, आपण काम कोणत्या खोलीत करता? आपल्या गावात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बाहेर लू वाहत असते आणि आत कूलर चालू असतो. लूमध्ये कागद पापडासारखा कोरडा होतो, तर कूलरच्या खोलीत तोच कागद तासाभरात ओल पिऊन सैल पडतो. मी स्वतः एकदा दुपारी गच्चीवरच्या खोलीत कापलेले पंखाचे आवरण रात्री कूलरसमोर चिकटवायला घेतले, तेव्हा २०० मिलिमीटरच्या रुंदीत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढ झालेली दिसली.

ही वाढ सर्व दिशांना सारखी होत नाही, हे महत्त्वाचे आहे. कारखान्यात कागद तयार होताना त्यातील तंतू बहुतांशी यंत्राच्या चालीच्या दिशेने लोळतात. तंतू ओलाव्याने जाडीत फुगतात, लांबीत फारसे वाढत नाहीत. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो. वळवतानाही हाच नियम लागू होतो. धडाच्या नळीत तंतू नाकापासून शेपटापर्यंत धावत असतील तर कागद मुकाट्याने वळतो, आडवे असतील तर मोडल्यासारखे कोन पडतात. पंखात तंतू धडापासून टोकाकडे धावावेत, म्हणजे पुढच्या कडेची घडी स्वच्छ येते.

दिशा ओळखण्यासाठी कागदाचा चौकोनी तुकडा घेऊन त्याच्या एकाच बाजूला ओल्या बोटाने पाणी लावावे. तुकडा स्वतःहून नळीसारखा वळेल. त्या नळीचा अक्ष ही तंतूंची दिशा. छापील पानावर सगळे भाग सोयीप्रमाणे आडवेउभे मांडलेले असतात, म्हणून मी तयार ए-४ गठ्ठा न घेता मोठी शीट घेतो आणि तिच्यातून उभ्या तंतूंचे व आडव्या तंतूंचे असे दोन्ही प्रकारचे ए-४ तुकडे कापून दुकानात नेतो.

गोंदाबद्दल एकच सांगतो. पांढऱ्या गोंदात पाणी असते, आणि आकाशकंदिलाला लावतो त्या खळीत तर ते त्याहून जास्त असते. खळ येथे अजिबात नको. पांढरा गोंद काचेच्या तुकड्यावर थेंबभर काढून दहा मिनिटे घट्ट होऊ द्यावा आणि टाचणीच्या टोकाने फक्त कडेला लावावा. संपूर्ण चकतीवर आवरण चिकटवण्याची गरज नसते. मोठ्या सपाट भागांसाठी, विशेषतः मिराजच्या त्रिकोणी पंखांसाठी, मी रबर सोल्यूशनसारखा पाणी नसलेला गोंद वापरतो. तो लावताना खिडकी मात्र उघडी ठेवावी.

मोरारकर, ग्वाल्हेर (९ जून, रात्री ९.१५)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काका, आपला अंदाज खरा आहे. माझे टेबल कूलरच्या अगदी समोर आहे. शेजारच्या मुलाकडून व्हर्निअर आणून मोजमाप केले. दहा तुकड्यांची जाडी २.८ मिलिमीटर, आवरणाची लांबी १०६.६ मिलिमीटर आणि चकतीचा व्यास ३३.५ मिलिमीटर आहे. पुढच्या भागाशी सांधा जोडण्यासाठी आतून त्याच कागदाची पट्टी लावावी असे सूचनापत्रकात आहे, त्याप्रमाणे ती लावली आहे आणि चकती त्या पट्टीच्या आत बसते.

पुठ्ठापट्टी, इंदूर (९ जून, रात्री १०.३०)

या मापांवरून सगळा उलगडा होतो. कागद वळवला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली आकसते आणि छापलेली लांबी जाडीच्या मध्यावर कायम राहते. १०६.६ ला ३.१४ ने भागले की ३३.९ मिलिमीटर हा मध्यावरचा व्यास मिळतो. त्यातून कागदाची एक जाडी वजा केल्यावर नळीचा आतला व्यास येतो आणि आतल्या पट्टीमुळे दोन्ही बाजूंची मिळून आणखी दोन जाड्या वजा होतात. एकूण तीन जाड्या, म्हणजे आपल्या कागदासाठी ०.८४ मिलिमीटर. उरले ३३.१ मिलिमीटर. चकती ३३.५ ची आहे, व्यासात ०.४ चा फरक पडला की घेरात सुमारे १.३ मिलिमीटरचा फरक पडतो. आपण पहिल्या दिवशी लिहिलेली सव्वा मिलिमीटरची फट ती हीच.

आता तोच हिशेब ०.१४ मिलिमीटरच्या कागदासाठी करून पाहा. तीन जाड्या मिळून ०.४२ होतात आणि आतला व्यास बरोबर ३३.५ येतो. आपल्या चकत्या अचूक आहेत, त्या घासल्या असत्या तर चांगले काम वाया गेले असते. आवरणाची पाने तेवढी ११० ते १२० जीएसएमच्या कागदावर पुन्हा छापून घ्या आणि घेण्यापूर्वी दुकानातच दहा तुकड्यांची कसोटी लावा, कारण एकाच वजनाचे दोन कागद जाडीत वेगळे निघू शकतात. पिळलेली उभी फळी मात्र नवीन करावी लागेल. ०.७ मिलिमीटरचा पुठ्ठा सहज मिळत नाही. १६० जीएसएमचे तीन थर एकमेकांवर चिकटवून, वजनाखाली रात्रभर दाबून ठेवले की जवळपास तेवढी जाडी येते. आपल्या १ मिलिमीटरच्या चकत्यांसाठी या नव्या फळीतील खाचा तेवढ्या रुंद कापाव्यात. चकत्यांवरील खाचा आपण रुंद केल्या असतील, तर तेथे कागदाची चिंधी भरून त्या पुन्हा घट्ट करून घ्याव्यात.

छापताना पान कागदात आपोआप बसवण्याचा पर्याय दुकानदाराला बंद ठेवायला सांगा. तो चालू असला तर एक पान ७१ टक्क्यांनी आणि दुसरे ६९ टक्क्यांनी निघते आणि मग कोणताही हिशेब उपयोगी पडत नाही. प्रत्येक पानावर १०० मिलिमीटरची रेघ असते, ती आपल्याकडे ७१ मिलिमीटर भरली पाहिजे.

नकाशानवीस, ग्वाल्हेर (१० जून, दुपारी ४.२०)

मी अनेक वर्षे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवले आहे, त्यामुळे या चर्चेत थोडी भर घालण्याचा मोह आवरत नाही. आतल्या पट्टीबाबत माझे मत वेगळे आहे. इतक्या लहान आकारात पट्टी लावल्याने सांध्याजवळ कागद दुहेरी होतो आणि तेथे कडे घातल्यासारखा उंचवटा दिसतो. प्रत्येक भागाच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र चकती बसवून, ती टोकाशी अगदी समपातळीत घासून, चकतीला चकती चिकटवावी असे मी सुचवेन. तसे करायचे ठरवल्यास वरच्या हिशेबात एकच जाडी वजा होईल आणि चकत्या किंचित मोठ्या कापाव्या लागतील. इंदूरच्या सदस्यांनी सांगितलेला मार्ग चुकीचा नाही, आणि ताईंच्या चकत्या तयार असल्यामुळे या विमानासाठी तोच सोयीचा आहे. पुढच्या वेळी माझी पद्धत अवश्य करून पाहावी.

मिराजचे नाक करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कागद एकाच दिशेने वळतो. त्याची नळी होते, शंकू होतो, पण चेंडू होत नाही. नाकाचा निमुळता फुगीर आकार म्हणूनच एकापुढे एक ठेवलेल्या छिन्न शंकूंचा, म्हणजे टोक कापलेल्या शंकूंचा, बनवलेला असतो. प्रत्येक छिन्न शंकू आधी तळहातावर ठेवून विणकामाच्या सुईने वळवून घ्यावा आणि त्याची कड आतून हलके दाबावी, म्हणजे सांध्यांवरचे कोन सौम्य होतात.

हवा आत घेणाऱ्या दोन्ही तोंडांमध्ये जे अर्धशंकू आहेत, ते बरेच जण कागदाचा गोळा करून भरतात. तसे करू नये, कारण मिराजची ओळखच त्या अर्धशंकूंमध्ये आहे. तळाची त्रिज्या ६ मिलिमीटर आणि तिरकी उंची १८ मिलिमीटर असेल, तर अर्ध्या शंकूसाठी १८ त्रिज्येच्या वर्तुळाचा ६० अंशांचा तुकडा कापावा. १८० ला तळाच्या त्रिज्येने गुणून तिरक्या उंचीने भागले की कोणत्याही अर्धशंकूचा कोन मिळतो.

कापलेल्या प्रत्येक कडेला चिकटवण्यापूर्वी जलरंगाचा राखाडी हात द्यावा. कागदाची पांढरी कड उघडी राहिली तर उत्तम जुळलेला सांधासुद्धा फटीसारखा दिसतो.

मोरारकर, ग्वाल्हेर (१४ जून, सकाळी ७.३०)

सर, काका आणि इंदूरचे दादा, आपण तिघांनी दिलेल्या वेळाबद्दल मी ऋणी आहे. तीन दुकाने फिरल्यावर दहा तुकड्यांना १.४ मिलिमीटर भरणारा कागद मिळाला. मोठी शीट घेऊन, पाण्याच्या बोटाने तंतूंची दिशा पाहून तिचे ए-४ तुकडे केले आणि आवरणाची पाने पुन्हा छापून घेतली. सर्व पानांवरची रेघ ७१ भरली. हे छापील रंग ओल्या बोटाने पसरतात असे आढळल्यामुळे कापण्यापूर्वी पानांवर पारदर्शक लॅकरचा हलका फवारा मारला.

आज पहाटे साडेपाच वाजता, कूलर बंद करून आणि खिडक्या उघडून, तोच मागचा भाग वळवला. पट्टी लावली, चकती आत सरकवली आणि कडा एकमेकींना टेकल्या. फट उरली नाही आणि कडाही एकमेकींवर चढल्या नाहीत. कडेला राखाडी रंग दिल्यावर सांधा कोठे आहे हे चष्म्याशिवाय मला सापडेना. काम चालू असतानाच एक जोडी महाराजपूरकडून वर गेली, तेव्हा हातातला तुकडा घेऊन मी तशीच गच्चीवर धावले.

उभी फळी तीन थरांची करून पाट्याखाली दाबून ठेवली आहे. ती उद्या वाळेल, मग सर्व चकत्या तिच्यावर बसवून पाहीन. अर्धशंकू सरांच्या सूत्राने कापून ठेवले आहेत.