ओळख न पटलेले फोटो बाहेर काढा
संग्रहालयाची वेळ वाढवली, माहितीचे फलक नवे केले की लोक येतील, असं एक मत आहे; मला ते अर्धंच पटतं. नवे फलक बघायला माणूस एकदा येतो. त्याच्याकडचं काही आपण मागितलं, तर तो पुन्हा येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचं डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय बघा. १९६६ साली डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि पुढे ६० हजारांहून अधिक लोकांना तिथून हलवलं गेलं. १९९४ मध्ये जुन्या चर्चच्या इमारतीत संग्रहालय उघडलं. तिथे जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा आहे आणि आपलं घर कुठे होतं ते जुन्या रहिवाशांनी स्वतः त्यावर लिहिलं!

मी सुट्टीच्या दिवशी ज्या छोट्या संग्रहालयात काम करते, तिथे आम्ही ओळख न पटलेल्या फोटोंच्या प्रती टेबलावर मांडल्या (मूळ फोटो कधीच नाही), शेजारी कोरे कागद आणि पेन्सिली. एका आजींनी शाळेच्या फोटोतली अर्धी रांग ओळखली. पुढच्या वेळी त्या मैत्रिणीला घेऊन आल्या, तिने उरलेली. सांगणाऱ्याचं नाव, परवानगी घेऊन, त्याच दिवशी नोंदवहीत चढवा. ते राहून गेलं की माहिती कुणी दिली हे नंतर शोधून सापडत नाही.