‘व्हॅलिडिटी अननोन’ला मराठीत काय लिहावं?

मानवतकर: सेतू केंद्रात लावायची सूचना लिहितोय. डिजिटल सातबारा ॲडोब रीडरमध्ये उघडला की सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह येतं, ‘व्हॅलिडिटी अननोन’. मी ‘वैधता अज्ञात’ लिहिलं. केंद्रचालक म्हणतो, हे वाचून बँकवाला पीककर्जाची फाईल तोंडावर फेकील.

गोदाकाठ: ‘अज्ञात’ म्हटलं की पोलिसांचा अज्ञात इसमच आठवतो. ‘पडताळणी बाकी’ करा.

बिनतारी: बाकी नाही, अर्धी झालेली असते. सहीवर क्लिक करून आतल्या ओळी वाचा. सहीनंतर कागदात बदल झालेला नाही, हे बहुधा तिथंच असतं. अडतं ते ओळखीपाशी: सही कुणाची हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रांच्या साखळीचं मूळ सीसीएकडं, म्हणजे डिजिटल प्रमाणपत्रं देणाऱ्यांवरच्या सरकारी नियंत्रकाकडं, आणि ते तुमच्या रीडरच्या विश्वासू यादीत नाही. लाल फुली हे वेगळं प्रकरण. ‘अवैध’ हा शब्द तिच्यासाठी राखून ठेवा.

अनुराधा: युरोपच्या 910/2014 या इलेक्ट्रॉनिक सह्यांच्या नियमावर काम करतेय. तिकडं पडताळणीचे निकाल तीन: पास, नापास आणि ‘इंडिटरमिनेट’. या मधल्यालाच शब्द सापडत नाही. शिवाय ‘क्वालिफाइड’ सहीला ‘पात्र’ म्हटलं की घरकुलाची यादी वाटते!

निवृत्त तलाठी: शब्द कशाला शोधायलात? ‘तसदीक व्हायची आहे’ म्हणा, तसदीक म्हणजे पडताळणीच. आमच्या जिंतूरकडं म्हातारी माणसं अजून दस्तखतच म्हणतात.

शुद्धमती: काका, 1948 ला निजाम गेला. ‘स्वाक्षरी’ असताना दस्तखत कशाला?

निवृत्त तलाठी: बाई, दस्त म्हणजे हात, खत म्हणजे लिखाण. तुमचं हस्ताक्षर तेच की! अन् ‘सही’ तरी कुठली? अरबी ‘सहीह’, म्हणजे खरं, बिनचूक.

शुद्धमती: मराठीत हस्ताक्षर म्हणजे वळण, सही नव्हे. हिंदीतलं इकडं आणू नका.

बिनतारी: सूचनेत एवढंच लिहा: ‘सही करणारा या संगणकाला ओळखू येत नाही. कागद बदललेला नाही हे आत पाहा.’ आणि प्रिंट काढून स्कॅन केलेली प्रत घेऊ नका म्हणावं, तिच्यात तपासायला सहीच उरत नाही.

मानवतकर: फळ्यावर एवढं मावत नाही हो.

गोदाकाठ: तलाठीकाका, उर्दू निघालंच आहे तर, आमच्या आजोबांच्या निजामकाळच्या नकला आहेत. परभणीत वाचून देणारं कुणी?

निवृत्त तलाठी: मोडी का उर्दू? फोटो टाका आधी.