शरद ऋतूतील प्रादेशिक अंदाज: शक्यता सांगावी की निर्णय द्यावा?

मूळ मत
ऋतू पालटत असताना संपूर्ण प्रदेशासाठी एका ओळीचा अंदाज देणे थांबवावे आणि त्याऐवजी वेगवेगळ्या शक्यता टक्केवारीत सांगाव्यात, असे माझे मत आहे. समशीतोष्ण पट्ट्यात या दिवसांत ध्रुवाकडील हवा झपाट्याने गार होते, उंचावरील वेगवान पश्चिमी वारे विषुववृत्ताकडे सरकतात आणि समुद्र मात्र उन्हाळ्याची ऊब राखून असतो. त्यामुळे वादळाची वाट थोडी जरी बदलली, तरी प्रदेशाच्या एका टोकाला मुसळधार पाऊस आणि दुसऱ्या टोकाला नुसते ढग, असे होते. ऑक्टोबर १९८७ मध्ये दक्षिण इंग्लंडला झोडपणाऱ्या वादळाची चाहूल चार-पाच दिवस आधी लागली होती, पण आदल्या संध्याकाळच्या अंदाजांचा भर वाऱ्यापेक्षा पावसावरच राहिला. तेव्हा शक्यतांचा पूर्ण पल्ला लोकांपुढे ठेवला असता, तर निदान गाफीलपणा कमी झाला असता.

विरोधी प्रतिसाद
आपले निदान मान्य आहे, उपाय नाही. '३० टक्के पाऊस' हे वाचून कोणी ३० टक्के भूभाग समजतो, कोणी दिवसाचा ३० टक्के वेळ. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सियासाठी सर्वोच्च, म्हणजे लाल, इशारा सकाळीच दिला गेला होता. तरीही नागरिकांच्या मोबाइलवर सावधानतेचा संदेश पोहोचला तो रात्री आठनंतर, आणि तोवर अनेक गावांत पाणी शिरले होते. तिथे उणीव स्पष्ट आदेशाची होती, टक्केवारीची नव्हे.

मूळ लेखकाचे उत्तर
हे उदाहरण उलट माझ्याच बाजूचे आहे. अंदाज देणे आणि आदेश देणे ही दोन वेगळ्या यंत्रणांची कामे आहेत, आणि वेधशाळेने निर्णयाची भाषा वापरल्याने दुसऱ्या यंत्रणेची दिरंगाई भरून निघत नाही. त्या दिवशी व्हॅलेन्सिया प्रांतातील तुरीस येथे एका तासात १८४.६ मिलिमीटर पाऊस पडला. इतका पाऊस नेमक्या कोणत्या गावावर कोसळेल, हे सकाळी कोणी छातीठोकपणे सांगू शकले नसते. टक्केवारीचा अर्थ दरवेळी सोबत छापावा, ही आपली तक्रार मात्र रास्त आहे.

आणखी एक विरोधी प्रतिसाद
दोघेही वादळांवरच अडलात. शरदातील निरभ्र, निवांत रात्री दरीत साचणारे धुके रोजच्या वाहतुकीला अधिक नडते, आणि दरी व तिच्या वरचा उतार यांना एकच टक्केवारी देणे हे एका ओळीच्या अंदाजाइतकेच फसवे आहे. आधी प्रदेशाच्या सीमा प्रशासकीय नकाशाऐवजी भूरचनेनुसार आखा. टक्केवारीचा वाद त्यानंतर घालता येईल.